‘सुखरूप’ या शब्दातलं सुख

आमच्या धाकट्या लेकीचं डोहाळजेवण अर्धापूरच्या घरी झालं. दाराला केळीचे खांब लावले होते. केळीच्या गावात त्यांना काय तोटा! हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटीत नारळ, खारका, हळकुंडं, झाकून ठेवलेल्या दोन वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी ते बघण्याची हौस, सगळं यथासांग पार पडलं. आम्ही पुरुषमंडळी ओसरीवर बसून आमच्या परीनं तयारीला लागलो होतो. दवाखाना कोणता, नांदेडला जायला गाडी कोणाची, रात्री-अपरात्री निघावं लागलं तर गाडी चालवणार कोण, ॲडव्हान्स किती भरावा लागेल आणि ‘सिझर’ झालं तर आकडा कुठवर जाईल? जन्म बँकेत काढलेला असल्यामुळे हा शेवटचा हिशेब साहजिकच माझ्याकडे आला होता.

आतल्या खोलीत हसणं-खिदळणं चालू होतं. मध्येच लेकीचा आवाज ऐकू आला. ती आपल्या मोठ्या मावशीला विचारत होती, "मावशी, आत नेल्यावर नेमकं काय काय होतं गं?"

आणि खोली एकदम गप्प झाली.

पंधरा-वीस बायका होत्या त्या खोलीत. बहुतेकींनी दोन-दोन, तीन-तीन लेकरांना जन्म दिलेला. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं असं कसं म्हणावं? उत्तर प्रत्येकीकडे होतं. ते कोणीच दिलं नाही. "असलं काही मनात आणू नये बाई, देव सगळं नीट करतो," असं कोणीतरी म्हणालं. दुसऱ्या कोणीतरी पाळण्याचं गाणं सुरू केलं, आणि पेढ्या-बर्फीच्या वाटीसारखा तो प्रश्नही झाकला गेला.

मी ओसरीवर हिशेबाचा कागद हातात धरून बसलो होतो. ‘असलं काही मनात आणू नये’ हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. बँकेत पस्तीसेक वर्षं मीही ते वेगळ्या शब्दांत बोलत आलो होतो. सुरुवातीच्या काळात कर्जाचे कागद इंग्रजीत असत. नवऱ्याच्या कर्जाला जामीन राहायला आलेली एखादी बाई पदर सावरत विचारायची, "साहेब, ह्यात काय लिवलंय?" मी शाईचा पॅड पुढे सरकवत म्हणायचो, "काळजी करू नका बाई, बँकेचं काम आहे. करा अंगठा." ती अंगठा करायची. कागद रीतसर, व्यवहार कायदेशीर. फक्त ज्या बाईच्या डोक्यावर तो बोजा पडणार, तिलाच त्यातलं काही ठाऊक नसायचं. पुढे नियम बदलले, कागद मराठीत आले, अटी वाचून दाखवणं भाग झालं. बाळंतपणाच्या बाबतीत मात्र आपण अजून अंगठ्याच्याच काळात आहोत, असं मला त्या दिवशी वाटलं.

रात्री आवराआवर झाल्यावर माझी बायको लेकीच्या पलंगावर जाऊन बसली. मी दारातच खुर्ची टाकून होतो. ती म्हणाली, "मघाशी तू विचारलंस ना, ते मी सांगते."

"तुझ्या दादाच्या वेळी मी माहेरी होते. लहानसा दवाखाना, एक नर्सबाई आणि माझी आई. रात्रभर कळा येत होत्या. आई पाठ चोळत होती, धरून धरून फिरवत होती, घोट घोट चहा पाजत होती. त्रास काही कमी नव्हता. पण माझा हात तिच्या हातात होता. तुझ्या वेळी ह्यांच्या बदलीच्या गावी होते. दवाखाना मोठा, इमारत पक्की. मला आत नेलं आणि दार लावून घेतलं. टेबलावर उताणं झोपवलं. शेजारच्या टेबलांवर आणखी दोघी विव्हळत होत्या, मध्ये पडदासुद्धा नव्हता. पाणी मागितलं तर मिळालं नाही. मी ओरडले तेव्हा तिथली बाई असं काही बोलली, की ते मी आजही तोंडानं उच्चारू शकत नाही. आणि मांडीवर एक चापट मारली."

मी त्या वेळी बाहेरच्या बाकावर होतो. १९९६ चा पावसाळा होता. ‘मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत’ असं कळल्यावर मी छत्री उघडून पेढे आणायला गेलो होतो. बायकोला विचारलं, "अठ्ठावीस वर्षं हे सांगितलं का नाहीस?" ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही कधी विचारलं होतं?"

हा लेख त्या प्रश्नातून आला आहे.

‘सुखरूप’ हा आपला किती सुंदर शब्द आहे! बाई बाळंत होऊन हातीपायी सुटली की आपण तोच वापरतो. पण त्या शब्दातलं सुख आपण कधीच काढून टाकलं. आई जिवंत, मूल जिवंत, एवढाच त्याचा अर्थ उरला. जिवंत असणं ही लहान गोष्ट नव्हे. किती मोठी गोष्ट आहे ते कळायला फार मागे जायला नको.

आमच्या मराठवाड्यात बाळंतपणाला जचकी म्हणतात. ‘जच्चा’ म्हणजे बाळंतीण. त्यावरून आलेला हा शब्द निजामाच्या काळातल्या उर्दूनं आमच्या पदरात टाकला. माझ्या आईच्या सगळ्या जचक्या घरातच झाल्या. वाड्यातली सगळ्यांत अंधारी खोली, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी आणि गावाच्या टोकाच्या वस्तीतून बोलावून आणलेली सुईण. त्या चार-सहा तासांत ती घरातली सगळ्यांत मोठी माणूस असे. सासूलाही तिचा शब्द मोडता येत नसे. आणि बाराव्या दिवशी तीच सुईण लुगडं-धान्य घ्यायला आली, की उंबऱ्याबाहेर बसे. जिच्या हातांनी आमचं या जगात पहिलं स्वागत केलं, तिला आम्ही पाणी वरून घातलं. हा हिशेब अजून आमच्या नावावर आहे.

त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. सुईणीच्या हातात माया होती, अनुभव होता. पण नाळ कापायचं पातं उकळलेलं नसे. मूल आडवं आलं, वार अडकली, रक्त थांबेना, तर तिच्याकडे देवाचं नाव घेण्यापलीकडे इलाज नव्हता. ‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ असं आपल्याकडे म्हणतात, ते कौतुकानं नव्हे. पहिला जन्म संपण्याची तयारी ठेवूनच बाई त्या खोलीत जात असे.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांना मूल झालं आणि अवघ्या दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्यांची डॉक्टर होण्याची जिद्द उभी राहिली. परदेशी जाण्यापूर्वी १८८३ साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या सेरामपूरला, केलेल्या भाषणात हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे हे त्यांनी ठासून मांडलं. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षंही पुरी झालेली नसताना, त्या गेल्या. आजारी बाईजवळ जाणती बाई असावी, ही त्यांची मागणी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची आहे, हे लक्षात असू द्यावं.

त्यानंतर आपण पुष्कळ पुढे आलो. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जवळपास चारांतली एकच जचकी दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरांतल्या जवळजवळ पंचाण्णव जचक्या दवाखान्यात झालेल्या दिसतात. २०१८-२० या काळात राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू नोंदले गेले. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. यामागे २००५ ची जननी सुरक्षा योजना आहे, २०११ पासूनची मोफत बाळंतपणाची सोय आहे, १०२ आणि १०८ च्या गाड्या आहेत. मुख्य म्हणजे उन्हातान्हात वही घेऊन हिंडणारी आशाताई आहे. या सगळ्यांना हात जोडूनच पुढचं बोलायचं.

सांगायचा मुद्दा असा, की घरातून दवाखान्यात जाताना आपण अंधारी खोली मागे ठेवली, गंजकं पातं मागे ठेवलं, आणि त्यांच्याबरोबर उशाशी बसणारी बाईही मागे ठेवली. माझ्या बायकोच्या दोन बाळंतपणांतला फरक एवढाच होता. पहिल्या वेळी सोयी कमी होत्या, पण उशाशी आई होती. दुसऱ्या वेळी सोयी होत्या, उशाशी कोणी नव्हतं. या दोन्ही गोष्टी एका खोलीत का नांदू नयेत?

केळीच्या गावात राहणाऱ्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. बाग निसवायला लागली, घड लोंबायला लागले, की शेतकरी झाडाला टेकू देतो. खत-पाणी कितीही घातलेलं असो, भरल्या घडाचं झाड वाऱ्यात एकटं उभं राहत नाही. हे आम्हाला केळीच्या बाबतीत कळतं.

डॉक्टरी शास्त्रालाही ते कळायला वेळ लागला, पण कळलं. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या एका गर्दीच्या सरकारी रुग्णालयात केलेला अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. तिथंही बायकांना एकटंच आत ठेवण्याची रीत होती. काही जणींजवळ कळा सुरू झाल्यापासून एक साधी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई बसवली. तिनं पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं, एवढंच काम. काही गुंतागुंत न होता ज्या बाळंत झाल्या, त्यांत सोबत असलेल्यांना सरासरी ८.८ तास लागले आणि एकट्या असलेल्यांना १९.३ तास. तो अभ्यास लहान होता. पण पुढे अनेक देशांत तसेच प्रयोग झाले, आणि २०१७ साली १५ हजारांहून अधिक बायकांच्या माहितीचा एकत्र आढावा घेतला गेला. अखंड सोबत असेल तर आपोआप बाळंत होण्याचं प्रमाण वाढतं, सिझर कमी होतात, वेळ थोडा कमी लागतो आणि ‘माझं बाळंतपण वाईट गेलं’ असं म्हणणाऱ्या बायका कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष आहे.

घाबरलेल्या माणसाचं अंग आखडतं, हे आपल्याला दात काढायला गेल्यावरही समजतं. इंग्रज डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी हीच गोष्ट १९३० च्या दशकात बाळंतपणाबद्दल मांडली होती : भीतीनं अंग आखडतं, आखडल्यानं वेदना वाढतात आणि वेदनेनं पुन्हा भीती वाढते. हे चक्र तोडायला औषध लागतं तेव्हा लागतंच. पण माहिती आणि सोबत या दोन गोष्टी आधी लागतात, आणि त्या फुकट आहेत.

फेब्रुवारी २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रसूतीच्या काळजीविषयी ५६ शिफारशी केल्या. त्या पुस्तिकेच्या नावातच ‘बाळंतपणाचा चांगला अनुभव’ असे शब्द आहेत. बाईला मानानं वागवावं, समजेल अशा भाषेत सांगावं, तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्यावं. धोका नसेल तर तिला हिंडू-फिरू द्यावं, पाणी पिऊ द्यावं, हलकं काही खाऊ द्यावं. सरसकट टाके घालावे लागतील असा छेद घेऊ नये. पोटावर जोर देऊन मूल ढकलू नये. कळा नीट सुरू झाल्याची खूण म्हणून पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडणं धरावं, आणि ते ताशी एक सेंटीमीटर या गतीनं उघडलंच पाहिजे असा हट्ट धरून घाई करू नये. पहिलटकरणीला त्यानंतरही बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. हे वाचताना मला माझ्या सासूबाई आठवल्या. फिरवणं, चहा पाजणं, पाठ चोळणं आणि धीर धरणं. अक्षर न वाचता त्या माउलीनं त्यातलं बरंच काही केलं होतं.

आपल्या सरकारलाही हे मान्य आहे. केंद्राच्या आरोग्य खात्यानं फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीण असू द्यावी अशी मार्गदर्शक सूचना काढली. सोबतीण स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला सांसर्गिक आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिनं शेवटपर्यंत थांबावं आणि डॉक्टर-नर्सच्या कामात ढवळाढवळ करू नये, इतकंच. जिथं आडोशाची नीट सोय आहे, तिथं नवऱ्यालाही थांबता येतं. २०१७ च्या अखेरीस प्रसूतिगृहं सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम आला. मानानं वागवणं हा त्याचाही भाग आहे. कागद आहे. आता तो वाचून दाखवणारा कोणीतरी हवा.

इथं एक रास्त आक्षेप येईल. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत आमच्या नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली. ज्या जिल्ह्यानं हे पाहिलं, तिथं ‘चांगला अनुभव’ वगैरे बोलणं म्हणजे पोटभर भाकरी नसताना तुपाची चर्चा नव्हे काय? आधी खाटा द्या, औषधं द्या, नर्सेस द्या.

मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. खाटा, औषधं, माणसं हव्यातच, आणि त्यांसाठी भांडलंच पाहिजे. एका नर्सबाईच्या अंगावर चार-चार बाळंतिणी टाकून तिच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करणं हाही अन्यायच आहे. माझ्या बायकोला चापट मारणारी ती बाई त्या रात्री कितव्या तासाला उभी होती, हे मला ठाऊक नाही. पण म्हणूनच सोबतीण हवी. जिथं नर्सेस पुरेशा नाहीत, तिथंच जवळचं माणूस जास्त उपयोगी पडतं; ग्वाटेमालाचा दवाखाना काही श्रीमंतांचा नव्हता. सुरक्षितता आणि सन्मान यांत एकासाठी दुसरा थांबवून ठेवावा, असं काही नाही. ज्या बाईला वाईट वागणूक मिळाली, ती पुढच्या वेळी दवाखान्यात यायला उशीर करते. आणि उशीर म्हणजे काय, हे नांदेडला कोणी सांगायला नको.

गावच्या साध्या बाईला शिकवलं तर ती काय करू शकते, याची उदाहरणंही दूरची नाहीत. बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या, कित्येक निरक्षर, दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. ज्यांना उंबऱ्याबाहेर बसवत होते, त्यांना लोक घरात बोलावू लागले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. पुढे तीच पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. आणि आमचं जुनं राजधानीचं शहर हैदराबाद! २०१९-२१ च्या पाहणीत तेलंगणात शंभरांत साठांहून अधिक बाळंतपणं सिझरनं झालेली आढळली. त्या राज्यानं २०१७ पासून फर्नांडिस फाउंडेशनच्या मदतीनं नर्सेसना नव्यानं सुइणीचं शास्त्र शिकवायला घेतलं आहे. ज्या सुइणीला आपण घालवून बसलो, तिला आता पदवी आणि पांढरा कोट देऊन परत बोलावणं चाललं आहे.

मग घरातल्यांनी काय करायचं? आमच्या घरी डोहाळजेवणानंतरच्या दोन महिन्यांत जे केलं, ते सांगतो.

पहिली गोष्ट, लेकीला सगळं सांगितलं. खोट्या कळा कशा येतात आणि विसाव्यानं कशा थांबतात; खऱ्या कळा कशा ठरावीक अंतरानं येऊन वाढत जातात; दोन कळांच्या मध्ये अंगाला विश्रांती असते आणि तेव्हा श्वास सावकाश सोडायचा असतो. कळ ही लाटेसारखी चढते आणि उतरते, ती कायमची नसते, हे माझ्या बायकोनं तिला चार-पाच वेळा सांगितलं. ‘हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं,’ असंही ती प्रत्येक वेळी म्हणाली.

दुसरी गोष्ट, दवाखाना आधी जाऊन पाहिला. प्रसूतीची खोली कुठं आहे, सोबत कोणाला थांबू देतात, रात्री डॉक्टर असतात का, रक्ताची सोय कुठून होते, हे तोंडानं विचारलं. विचारताना मला संकोच वाटत होता. मग मनात आलं, दहा हजारांच्या ठेवीसाठी लोक मला पन्नास प्रश्न विचारत, आणि त्यात मला काही गैर वाटत नसे. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. असे प्रश्न विचारायला तो दिवसही चांगला.

तिसरी गोष्ट, कधी थांबायचं नाही ते भिंतीवर लिहून लावलं. अंगावरून रक्त जाणं, डोकं ठणकणं आणि डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंडावर सूज, झटका, ताप, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं. यांतलं काहीही झालं तर मुहूर्त, वडीलधारे, जावई, कोणाचीही वाट न पाहता निघायचं. रक्त कमी आहे का ते वेळेवर तपासायचं. आपल्या राज्यात जवळपास निम्म्या गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळतं. जिथं वयाच्या अठरा वर्षांआधीच लग्नं उरकली जातात, तिथं तर या सगळ्या तयारीआधी ती लग्नं थांबवणं हीच तयारी आहे.

चौथी गोष्ट सगळ्यांत नाजूक. सिझरबद्दल आधीच बोललो. राज्यात आज चारांतलं एक मूल सिझरनं जन्मतं. कुठं ते गरज नसताना होतं, तर कुठं गरज असून वेळेवर होत नाही. पण ज्या बाईचं झालं, तिला ‘नॉर्मल नाही झालं का गं?’ असं हळहळून विचारणाऱ्यांनी थोडा विचार करावा. जणू ती परीक्षेत नापास झाली! आम्ही लेकीला आणि जावईबापूंनाही सांगून ठेवलं : सिझर का करायचं ते डॉक्टरांना विचारायचं, समजून घ्यायचं आणि मग सही करायची. न वाचता अंगठा नाही.

आणि पाचवी गोष्ट नंतरची. जन्मल्यावर बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, पहिल्या तासात अंगावर पाजायचं, मध-घुट्टी चाटवायची नाही, आंघोळीची घाई करायची नाही. डिंकाचे लाडू जरूर करावेत. पण बाळंतिणीला झोप लागते का, ती उगाच रडते का, हेही बघावं. दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल तर ती ‘नखरे’ नव्हेत, दुखणं आहे. त्याला डॉक्टर दाखवावा.

प्रत्यक्षात काय झालं? पहाटे तीनला कळा सुरू झाल्या. बायको लेकीसोबत आत गेली. आधी विचारून ठेवल्यामुळे कोणी अडवलं नाही. मी आणि जावईबापू बाहेरच्या बाकावर बसलो. अधूनमधून बायको दार किलकिलं करून सांगत होती : फिरतेय, पाणी प्यायली, धीरानं घेतेय. चौदा तास गेले. मग बाळाचे ठोके कमी होऊ लागले. डॉक्टरबाई स्वतः लेकीजवळ बसल्या, काय होतंय आणि आता सिझर का करायला हवं ते तिला समजावून सांगितलं. तिनं दोन प्रश्न विचारले आणि सही केली. संध्याकाळी नात झाली.

म्हणजे आमची एवढी तयारी, आणि शेवटी सिझरच. काही पाहुण्यांनी तसं बोलूनही दाखवलं. मी दुसऱ्या दिवशी लेकीला विचारलं. हो, या वेळी विचारलं. ती म्हणाली, "बाबा, भीती वाटली. दुखलंही फार. पण मला प्रत्येक वेळी ठाऊक होतं काय चाललंय. आणि आई होती."

सुखरूप या शब्दाचा मला त्या दिवशी लागलेला अर्थ हा असा आहे.

बारशाला घर पुन्हा भरलं. दाराला पुन्हा केळीचे खांब. माझ्या पुतण्याची बायको सहाव्या महिन्यात होती, ती पाळण्याशेजारी बसली होती. तिनं आमच्या लेकीच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं. लेकीनं बाळाला मांडीवर घेतलं आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला सुरुवात केली. गाणं म्हणणाऱ्या बायका थांबल्या. या वेळी कोणी विषय बदलला नाही. थोड्या वेळानं मोठ्या मावशी पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "माझ्या वेळी काय झालं होतं, सांगू?"

मी ओसरीवरून उठलो आणि आतलं नीट ऐकू यावं म्हणून दाराजवळ जाऊन बसलो.